स्वादुपिंडाची बेटं आणि गोठणारं रक्त

'रक्त पातळ करायचं औषध' असं आपण सहज म्हणतो. खरं तर हेपारिनने रक्त पातळ होत नाही, ते गोठायला वेळ लागतो, एवढंच. स्वादुपिंड पूर्ण काढून त्यातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्याच रुग्णाला परत देण्याच्या शस्त्रक्रियेत मात्र हाच वेळ मोलाचा असतो.

या शस्त्रक्रियेची सुरुवात 1977 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड सदरलँड आणि जॉन नजारियन यांनी केली. रुग्ण स्वादुपिंडाच्या जुनाट दाहाने बेजार झालेले. स्वादुपिंड काढलं तर दुखणं थांबण्याची आशा, पण मधुमेह अटळ. म्हणून काढलेल्या स्वादुपिंडावर कोलॅजिनेज हे विकर वापरून 'लँगरहॅन्सची बेटं', म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके, सुटी करायची आणि पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त नेणाऱ्या शिरेतून, यकृतात सोडायची. बेटं सुटी करण्याची ही युक्ती सेंट लुईसच्या पॉल लेसी यांनी 1967 मध्ये उंदरांच्या स्वादुपिंडावर साधली होती.

बेटं यकृतातल्या बारीक शिरांत अडकतात आणि तिथेच रुजतात. अडचणही नेमकी तिथेच आहे. दात्याकडून आलेल्या स्वादुपिंडातली बेटं गाळून वेगळी काढता येतात, पण गाळताना काही वाया जातात. स्वतःच्या रोगट स्वादुपिंडातून हाती लागतात तीच मुळात थोडी, त्यामुळे पुष्कळदा न गाळलेला लगदाच यकृतात जातो. त्याने पोर्टल शिरेतला दाब वाढतो. 1980 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून अशा दाबवाढीची आणि सर्व शरीरभर रक्त गोठू लागल्याची नोंद प्रसिद्ध झाली.

गंमत म्हणजे यावरचा उतारा त्याच संस्थेत सापडला होता. 1916 मध्ये जे मॅक्लीन हा विद्यार्थी रक्त गोठवणारं द्रव्य शोधत होता आणि कुत्र्याच्या यकृतातून त्याला मिळालं नेमकं उलट काम करणारं द्रव्य. हेपारिन हे नाव यकृताच्या ग्रीक नावावरूनच पडलं. पुढे टोरांटोत ते शुद्ध करण्याच्या कामात चार्ल्स बेस्ट होते. 1921 मध्ये बँटिंग यांच्यासोबत इन्सुलिनचा शोध लावणारे तेच बेस्ट.

पेशी रुग्णाच्या स्वतःच्या असूनही रक्त त्यांच्यावर का उठतं? 1999 मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी मानवी बेटं रक्तात मिसळून पाहिली. काही मिनिटांतच प्लेटलेट्स त्यांना चिकटल्या, गुठळ्या धरल्या, पांढऱ्या पेशी आत शिरल्या. पुढे 2002 मध्ये कारण स्पष्ट झालं: बेटांवर टिश्यू फॅक्टर, म्हणजे रक्त गोठण्याची सुरुवात करून देणारं प्रथिन, असतो. तो एरवी रक्ताला दिसत नाही. दिसला की रक्त त्याला जखम समजतं.

तेव्हापासून हेपारिन केवळ शीर मोकळी ठेवण्यासाठी उरलं नाही, पेशी वाचवण्यासाठीही झालं. अनेक केंद्रांत वजनाच्या किलोमागे सुमारे 70 युनिट देतात, काही पेशींच्या पिशवीत, काही रुग्णाच्या शिरेत. पेशी सोडताना पोर्टल शिरेतला दाब मोजत राहतात. तो फार चढला की काम थांबवतात.

पण हे सगळं नुकतंच स्वादुपिंड काढलेल्या पोटात चाललेलं असतं. चहूकडे ताजे टाके, ताज्या जखमा. हेपारिन कमी पडलं तर पोर्टल शिरेत गुठळी, जास्त झालं तर पोटात रक्तस्राव आणि पुन्हा शस्त्रक्रिया. शिवाय बऱ्याच रुग्णांची प्लीहाही काढावी लागते, आणि ती गेली की पुढच्या काही आठवड्यांत प्लेटलेट्स झपाट्याने वाढतात. म्हणून हेपारिनचा टप्पा संपला तरी अनेकांना ॲस्पिरिन चालू ठेवावं लागतं.