पोहे पोटात, कागद कचऱ्यात

इंदुरात सकाळी राजवाड्याच्या बाजूला गेलात की उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेली पोह्यांची परात दिसतेच. वाफेवर गरम राहिलेले पोहे, त्यावर शेव, कांदा, चिमूटभर जीरावण मसाला, आणि हे सगळं कागदाच्या तुकड्यावर. (छापील कागदावर खाऊ नये, शाई पोटात जाते. पण आज मला तो कागदच हवा आहे.) पोहे आपण खातो, कागद फेकतो. रसायनाच्या नजरेनं पाहिलं तर दोन्ही एकाच मालाचे.

तो माल म्हणजे ग्लुकोज. 6 कार्बन, 12 हायड्रोजन आणि 6 ऑक्सिजन अणूंचा एक छोटा रेणू. असे शेकडो-हजारो रेणू एकमेकांना जोडले की पोह्यातलं पिष्ट तयार होतं, आणि कागदातलं सेल्युलोजही. फरक फक्त जोडणीत. पिष्टात सगळे रेणू एकाच बाजूनं जोडलेले, म्हणून साखळी जिन्यासारखी वळत जाते. सेल्युलोजमध्ये दर दुसरा रेणू उलटा बसतो, त्यामुळे साखळी सरळ राहते. अशा सरळ साखळ्या शेजारी शेजारी घट्ट चिकटल्या की धागा होतो. कापूस, लाकूड, कागद हे सगळं त्याचंच.

घरी बघायचं असेल तर भिजवलेल्या पोह्यावर आयोडीनचा थेंब टाका. काळानिळा डाग पडतो, कारण आयोडीन त्या वळणदार जिन्यात जाऊन बसतं. मी एकदा वहीच्या पानावर थेंब टाकला तर तेही निळं झालं आणि मी चक्रावलो. नंतर कळलं, लिहिताना शाई पसरू नये म्हणून कागदाला पिष्टच लावलेलं असतं.

साधे पोहे, म्हणजे लिंबू-साखर न घातलेले, तोंडात मिनिटभर चावत राहा. हळूहळू गोडसर लागतात. लाळेतलं अमायलेज साखळी तोडतं आणि प्रत्येक सांधा तुटताना पाण्याचा एक रेणू खर्च होतो. धान्याला मोड येतानाही असंच घडतं. 1833 मध्ये आन्सेल्म पायां आणि पर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या बार्लीतून पिष्ट फोडणारं द्रव्य काढलं आणि त्याला डायास्टेज म्हटलं. आजही बहुतेक विकरांच्या (एन्झाइमांच्या) नावाला 'एज' हे शेपूट असतं, ते त्याच्यावरूनच. गंमत म्हणजे, पुढे 1838 मध्ये लाकडातून सेल्युलोज वेगळं काढणाराही हाच पायां.

आता कागदावरचा शेवेचा डाग बघा. तेल लागलं तिथे कागद अर्धपारदर्शक होतो, कारण धाग्यांमधल्या हवेच्या जागा तेलानं भरतात आणि प्रकाश कमी विखुरतो. स्निग्ध पदार्थ साखळीच्या घराण्यातले नाहीत. ग्लिसरॉलच्या एका तुकड्याला तीन लांब शेपट्या, झालं तेल. पाण्याशी त्यांचं जमत नाही. आपल्या प्रत्येक पेशीभोवतीचं पातळ आवरण त्यांच्याच भाऊबंदांचं.

आणि अमायलेज स्वतः कोण? प्रथिन. अमिनो आम्लं फक्त 20 प्रकारची, पण त्यातलीच सुमारे 500 एका ठरलेल्या क्रमानं जोडली आणि ती साखळी नीट घडी घालून बसली की हे विकर होतं. क्रम चुकला तर घडी बिघडू शकते, आणि मग काम होत नाही. तो क्रम लिहिलेला असतो डीएनएत, म्हणजे न्यूक्लिक आम्लात. अमायलेजच्या मजकुराच्या प्रती सगळ्यांकडे सारख्या नसतात. कुणाकडे दोन, कुणाकडे दहाहून जास्त. 2007 मध्ये संशोधकांना आढळलं की पिढ्यानपिढ्या पिष्ट भरपूर खाणाऱ्या समाजांत या प्रती सरासरीनं अधिक असतात.

सेल्युलोज फोडण्याच्या मजकुराची प्रत मात्र माणसाच्या डीएनएत एकही नाही. तशी ती गाईकडेही नाही, पण तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात. लहानपणी राजवाड्यापाशी गाय पोह्यांचे कागद निवांत चघळताना पाहिली आहे. आता तो कागद डब्यात जातो. तेल प्यायलेला कागद ओल्या कचऱ्यात टाकायचा की सुक्या, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.