मालवाहू वैमानिकाचा परवाना ‘हलका’ असतो का?

अनेक वर्षे फिरणारा समज असा: प्रवासी विमान कंपनीत निवड झाली नाही, की वैमानिक मालवाहू कंपनीत जातो, तिथला परवानाही वेगळा, सोपा असतो.

‘मालवाहू परवाना’ नावाचा प्रकारच नाही. परवान्यावर नोंद होते ती विमानाच्या प्रकाराची, आत खुर्च्या आहेत की खोकी याची नाही. एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट परवान्यासाठी (मोठ्या विमानाचा कॅप्टन होण्यासाठी लागणारा परवाना) आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान १,५०० उड्डाण-तास लागतात, वैद्यकीय चाचणी प्रथम श्रेणीची, आणि हे दोन्हीकडे सारखेच. पडताळायचे तर आपल्या देशाच्या विमान नियामकाचे परवाना-नियम उघडा, मग दोन्ही प्रकारच्या कंपन्यांच्या भरतीच्या जाहिरातींतले तासांचे रकाने शेजारी ठेवा.

फरक आहे तो कामात. उड्डाणे बरीचशी रात्रीची, त्यामुळे झोपेचे गणित कठीण. धोकादायक माल असेल तर तो कुठे, किती ठेवलाय याची लेखी सूचना कॅप्टनला उड्डाणापूर्वी मिळते. पॅलेटची, म्हणजे माल बांधून ठेवलेल्या सपाट फळ्यांची, कुलपे नीट बसली नाहीत तर माल मागे सरकतो, गुरुत्वमध्य (विमानाचा तोल ज्या बिंदूवर असतो तो) बिघडतो आणि वर उठणारे विमानाचे नाक आवरणे अशक्य होऊ शकते. बऱ्याच मालवाहू विमानांच्या मुख्य डेकवर (माल ठेवायच्या मुख्य मजल्यावर) आग विझवणारा वायू नसतो. हवेचा पुरवठा बंद करून, केबिनचा दाब उतरवून आगीचा ऑक्सिजन तोडावा लागतो. वैमानिक तेव्हा मास्क लावून विमान उडवत असतात. याला सोपे काम म्हणणे अवघडच.