चांदोलीची सकाळची फेरी: आदल्या रात्रीच या असं का म्हणतो

शिमगा झाला की चांदोलीच्या जंगलातल्या जीपच्या फेरीसाठी आमचा फोन वाजायला लागतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सकाळी सांगलीहून निघतो, वाटेत नाष्टा उरकून दहापर्यंत पोचतो, चालेल ना?" साताऱ्याची मंडळीही हेच विचारतात, फक्त त्यांचा नाष्टा कऱ्हाडात असतो. दर वेळी फोनवर एवढं सगळं सांगणं होत नाही, म्हणून हे पत्रक.

दहाला आलात तर जीप मिळते, परवाना निघतो, धरणाच्या वसंत सागर जलाशयाचं पाणी दिसतं, फोटोही चांगले येतात. जनावर मात्र तोवर सावलीला गेलेलं असतं.

मार्च-एप्रिलमध्ये इथं सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. त्यानंतरचे दोन-अडीच तास काय ते खरे. गवे रात्रभर चरून उघड्यावरच असतात. जुनी गावं उठून गेल्यावर त्यांची शेतं पडीक राहिली, तिथं आता गवत माजलंय आणि गव्यांना तेच आवडतं. ऊन तापू लागलं की कळप झाडीत शिरतो आणि बसून रवंथ करतो. मग वीस हातांवर दहा गवे बसलेले असले तरी तुम्हाला फक्त कारवीची झुडपं दिसणार. सांबर त्याहून आधी गायब होतं. शेकरू सकाळी या फांदीवरून त्या फांदीवर नुसतं उधळत असतं, दुपारी फांदीवर पोट टेकून पडतं आणि शेपटी तेवढी खाली लोंबते. वर बघायची सवय नसेल तर तीही दिसत नाही.

आणखी एक गोष्ट पहिल्या गाडीलाच मिळते, ती म्हणजे रस्त्यावरची धूळ. रात्रीच्या गारव्यानं ती बसलेली असते आणि रात्री कोण कोण गेलं ते तिच्यावर उमटलेलं असतं. बिबट्याच्या ठशात नखं दिसत नाहीत, कारण चालताना तो ती आत ओढून घेतो. रानकुत्र्याची नखं पुढं स्पष्ट टोचलेली असतात. अस्वलाचा मागचा पाय माणसाच्या अनवाणी पावलासारखा उमटतो. गाईड उतरून वाकतो, ठशाची कड अजून धारदार आहे की ढासळलीय ते बघतो आणि मग कुठल्या फाट्याला वळायचं ते ठरतं. तीन गाड्या त्यावरून गेल्या की सगळं पुसलं. दहाच्या गाडीला फक्त टायरच्या नक्ष्या.

आता तक्रारींकडे येऊ. "तुमचा ड्रायव्हर मध्येच गाडी बंद करून बसतो." हो, बसतो. काहींना वाटतं आम्ही डिझेल वाचवतो. भेकर (छोटं हरीण) भुंकलं किंवा माकडांनी खाकरायला सुरुवात केली म्हणजे जवळपास बिबट्यासारखं शिकारी जनावर असू शकतं, आणि इंजिन बंद केल्याशिवाय आवाज कुठल्या अंगानं आला ते कळत नाही. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटं गप्प बसणं हेच काम असतं. "चला पुढं, इथं काय नाही" असं म्हणणारा एक तरी पाहुणा प्रत्येक गाडीत असतोच, आणि बहुतेक वेळा तोच मागच्या सीटवर वेफर्सचं पाकीट फोडतो. खाणं आत उघडायचं नाही, ही विनंती नाही, अट आहे.

"सगळं जंगल फिरवणार ना?" नाही. राष्ट्रीय उद्यान आहे ३१७ चौरस किलोमीटरचं. २००४ साली त्याला तो दर्जा मिळाला आणि २०१० पासून कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग झालं. पर्यटकांना वनखात्यानं ठरवलेल्या रस्त्यावरूनच जाता येतं, झोळंबीचा सडा (म्हणजे कातळाचं पठार), जनीचा आंबा असा. चाकोरी सोडून आम्ही गाडी घालत नाही, कुणी वरचे पैसे देऊ केले तरी.

वाघाचं विचाराल तर, ताडोब्याहून वाघीण इकडे आणून सोडल्याची बातमी आली तेव्हापासून हा प्रश्न वाढलाय. चांदोली म्हणजे ताडोबा नव्हे. इथं डोंगर, दाट झाडी आणि कमी वाघ. वाघाची हमी देणारा कुणी भेटला तर पैसे देण्याआधी विचार करा. गवा, शेकरू, भेकर, मोठ्या चोचीचा महाधनेश पक्षी, नशीब असेल तर रानकुत्र्यांची टोळी, एवढ्यासाठी यायचं असेल तर मात्र हीच जागा आणि हाच हंगाम. पानगळीमुळे नजर लांब पोचते, पाणी थोड्याच ठिकाणी उरलेलं असतं आणि पांगारा-सावरीच्या फुलांवर कोतवाल, मैना, बुलबुल यांची भांडणं चाललेली असतात. अंजनीच्या झाडांना जांभळा-निळा बहर आला असेल तर प्राण्यांना विसराल.

आदल्या रात्री या म्हणतो ते खोल्या भराव्यात म्हणून, असंही कानावर आलंय. खोल्या भरल्या तर आम्हाला वाईट वाटणार नाही, उगाच खोटं कशाला बोला. पण हिशेब तुम्हीच करा. सांगलीहून इस्लामपूर, पेठ नाका, शिराळा, कोकरूड, आरळा करत उद्यानाजवळच्या मणदूरला यायला दोन-अडीच तास धरा. गेटवर उजाडता हजर राहायचं तर घरून तीन-साडेतीनला निघावं लागतं आणि पोरं गाडीत झोपून जातात. त्यापेक्षा रात्री जेवायला इथं या. पहाटे पाचला आम्ही उठवतो, चहा-बटर देतो. खरा नाष्टा, म्हणजे थालीपीठ-लोणी किंवा भाकरी-झुणका, परत आल्यावर. मुक्काम जमतच नसेल तर दुपारची फेरी घ्या. ऊन कलल्यावर जनावर पुन्हा बाहेर पडतं. सकाळची सर नाही, पण अकराच्या उन्हात फिरण्यापेक्षा कितीतरी बरं.

कपडे मातकट, मेंदी, खाकी. पांढरं आणि भडक नको, सेंट नको. उघड्या जीपमध्ये एप्रिलातही पहाटे गारठा लागतो, पातळ स्वेटर असू द्या. आत मोबाईलला रेंज नाही, घरी आधीच सांगून ठेवा. नकाशात नुसतं चांदोली टाकू नका, पुणे जिल्ह्यातही चांडोली आहे. शिराळा तालुका बघून घ्या.

गेटची वेळ हंगामाप्रमाणे बदलते, ती आदल्या दिवशी आम्ही कळवतो. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, त्यामुळे जूनचं बुकिंग घेत नाही. सुट्टीतल्या शनिवार-रविवारच्या जीपा आधीच जातात, मधल्या वारी आलात तर गर्दी कमी आणि आमचा दरही थोडा कमी. मूळ ओळखपत्र प्रत्येकानं जवळ ठेवा. ते बॅगेत आणि बॅग खोलीवर, असं झालं की गेटवर अर्धा तास जातो.