जाम बोल्ट नेमका कुठे अडतो?

रावेर-यावल पट्ट्यात केळीची वाहतूक करणाऱ्या जुन्या पिकअप गाडीचे मागचे पाटे, म्हणजे भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, उतरवायचे ठरले, की गॅरेजमधला बहुतेक वेळ पाट्यांवर नव्हे, तर त्यांना चॅसीशी जोडणाऱ्या बोल्टांवर खर्च होतो. पुढच्या टोकाला एक आणि मागे शॅकलला (पाट्याचे टोक हलू देणाऱ्या जोडपट्टीला) दोन, असे एका बाजूला जेमतेम तीन बोल्ट असतात. पान्याला लांब पाइप लावून जोर केला जातो आणि बोल्ट निघण्याऐवजी तुटतो. जोर लावण्यापूर्वी तो नेमका कोणत्या जागी अडला आहे हे ओळखले, तर यातले बरेचसे नुकसान टळते.

जळगावचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो आणि वर्षाचे बरेच महिने हवा कोरडी असते. मग गंज इतका का चढतो? लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, आणि शेतमाल वाहणाऱ्या गाडीला पाणी पावसाळ्याबाहेरही मिळत राहते. केळीला पोटॅश भरपूर लागते, त्यामुळे परतीच्या भाड्यात खताची पोती असणे नेहमीचेच आहे. शेतकरी ज्याला पोटॅश म्हणतो ते प्रामुख्याने पोटॅशियम क्लोराइड असते. फाळक्याच्या फटीतून खाली सांडलेले त्याचे कण हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि त्यात युरिया मिसळला असेल तर हे मिश्रण आणखी कमी आर्द्रतेलाही ओले होते. शिवाय काळी माती पाणी धरून ठेवते, ती वेगळीच. वरून वाळलेल्या चिखलाच्या थराखाली बोल्टाभोवती खारट ओल टिकून राहते.

हे पाणी केशाकर्षणाने बोल्टालगतच्या बारीक फटीत शिरते. फटीच्या तोंडाशी ऑक्सिजन मिळत राहतो, आत तो संपतो. या फरकामुळे एक लहानसा विद्युत घटच तयार होतो आणि ऑक्सिजन कमी असलेला आतला भाग धनाग्र बनून झिजू लागतो. म्हणूनच बाहेरून बरा दिसणारा बोल्ट आतून खाल्लेला निघतो. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, आणि त्यात पाण्याचे प्रमाण जास्त असेल तर त्याहूनही बरीच. बंद फटीत पसरायला वाव नसल्यामुळे तो दोन्ही पृष्ठभागांवर दाब देत घट्ट बसतो.

पाट्याच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल छिद्रात, रबरी बुश (मधे पोलादी नळी असलेले रबराचे अस्तर) असलेल्या गाडीत बोल्ट अडण्याच्या जागा दोन: नटाचे आटे आणि बुशमधली पोलादी नळी.

आटे अडले असतील, तर नट मुळीच हलत नाही. तारेच्या ब्रशने बाहेरचे आटे साफ करावेत आणि गंज सोडवणारे पातळ तेल सोडावे. ते वायसरच्या कडेलाही सोडावे, कारण घर्षणाचा मोठा वाटा आट्यांइतकाच नट जिथे टेकतो त्या पृष्ठभागाखाली असतो. तेल फटीत शिरण्याची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो. संध्याकाळी तेल सोडून सकाळी पाना लावणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते. गंज ठिसूळ असतो आणि पोलाद चिवट, त्यामुळे नटाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने ठोके दिले की गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. नट आधी किंचित आवळून मग सोडवण्याची मिस्त्रींची पद्धतही याच कारणाने उपयोगी पडते.

तरीही नट हलला नाही, तर उष्णता. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, त्याच तत्त्वावर नट तापवायचा असतो. १४ मिलिमीटरच्या बोल्टाचा नट ३०० अंशांनी अधिक तापला, तर त्याचे छिद्र सुमारे ०.०५ मिलिमीटरने मोठे होते. एवढी वाढ पुरते, मात्र ज्योत फक्त नटावर हवी. बोल्टही तेवढाच तापला तर फायदा जातो. उष्णतेने गंजातले बांधलेले पाणी निघून जाते आणि तोही आक्रसतो. जवळ डिझेलची टाकी, ब्रेकचे पाइप किंवा तेलाने भिजलेला चिखल असेल, तर ज्योत वापरूच नये.

नट सहज निघाला, पण बोल्टाचे डोके फिरवले की ते थोडे फिरून परत मागे येते, असे दिसले तर अडचण वेगळी आहे. बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजाने चिकटला आहे, आणि तुम्ही रबराला पीळ देत आहात. येथे हातोड्याचे ठोके रबर गिळून टाकते. पाइप आणखी लांब केला तर बोल्ट तुटण्याची शक्यता वाढते, कारण पिळाला टिकण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते: गंजाने व्यास दहा टक्क्यांनी घटला तर ताकद सुमारे २७ टक्क्यांनी घटते. माझ्या मते अशा वेळी झटापट सोडून बुश आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीत हॅक्सॉचे पाते घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापावा. बुश तसाही बदलायचा असतो. चॅसी भक्कम स्टँडवर घेतल्याशिवाय आणि ॲक्सल वेगळा टेकवल्याशिवाय हे करू नये. जॅक हा केवळ उचलण्यासाठी असतो.

लाल होईपर्यंत तापलेला बोल्ट किंवा नट पुन्हा वापरू नये. डोक्यावर ८.८ असा आकडा असलेल्या बोल्टाची ताकद पोलादाला पाणी देण्याच्या (तापवून झटकन थंड करण्याच्या) प्रक्रियेतून आलेली असते. लाल तापवल्यावर ती टिकत नाही. नवा बोल्ट घालताना आतल्या नळीला स्पर्श करणाऱ्या भागावर ग्रीसचा पातळ थर द्यावा, आणि शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उभी करून, पाट्यांवर वजन आल्यावरच करावे. गाडी लटकलेली असताना नट आवळला, तर वजन येताच रबरी बुशला कायमचा पीळ पडतो आणि नवा बुशही लवकर फाटतो.