विलीज, फोर्ड की महिंद्रा : जुन्या जीपची चॅसिस

वागळे इस्टेटच्या एखाद्या गॅरेजात नाहीतर तुर्भे एमआयडीसीत जुनी लो बॉनेट जीप उभी असली की मालक हमखास सांगतो, दुसऱ्या महायुद्धातली आहे, एकदम ओरिजिनल. असेलही, पण बॉडी बघून ठरवूच नका, पत्रा कोणीही नवा ठोकून देतो, खाली वाकून चॅसिस, म्हणजे गाडीची लोखंडी फ्रेम बघा.

1941 मध्ये अमेरिकन आर्मीने विलीज कंपनीचं जीपचं डिझाइन पक्कं केलं आणि सगळा भार एकाच कारखान्यावर नको म्हणून फोर्डलाही तीच गाडी बनवायला लावली. विलीजची ती एमबी, फोर्डची जीपीडब्ल्यू. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या सेंटरमधलं अंतर, दोन्हीचा 80 इंच, पार्ट एकमेकींना बसायलाच हवेत अशी अट, तरी फ्रेम शंभर टक्के सारखी नाहीच. रेडिएटरखालचा पुढचा क्रॉस मेंबर, म्हणजे फ्रेमची आडवी पट्टी, एमबीला गोल पाइपचा, जीपीडब्ल्यूला उलट्या यू आकाराचा चौकोनी. फ्रेमचा नंबर फोर्डने डाव्या रेलवर, म्हणजे फ्रेमच्या लांब उभ्या पट्टीवर, इंजिन माउंटिंगजवळ सरळ पंच केला, विलीजने पुढच्या टोकाला आतून छोटी प्लेट रिव्हेट केली, आणि ती प्लेट पडली की नंबरही गेला.

युद्धानंतर आल्या विलीजच्या सीजे, म्हणजे सिव्हिलियन जीप. 1945 ला टूए, 1949 ला थ्रीए, 1953 ला थ्रीबी. थ्रीबीचं हरिकेन इंजिन उंच, म्हणून बॉनेट वर उचललं, आपल्याकडे तिला हाय बॉनेटच म्हणतात, व्हीलबेस मात्र तोच 80. महिंद्राने माझगावला विलीज जोडायला सुरुवात केली, पुढे इथेच बनवायला लागले आणि अमेरिकेत 1968 ला थ्रीबी बंद झाली तरी इथे तिचा वंश चालूच राहिला.

खरा गोंधळ झालाय तो महिंद्राच्याच एमएम 540 मुळे, कारण तिचा व्हीलबेस 91 इंची आणि जुन्या बाजारात ती सहज मिळते, मग तिच्यावर विलीजसारखी बॉडी चढवतात आणि लांबून बघणारा फसतो. टेप घ्या, पुढच्या चाकाच्या हबच्या सेंटरपासून मागच्या हबच्या सेंटरपर्यंत मोजा. 91 आलं तर विषयच संपला, ती जुनी विलीज नाही. 80 आलं तरी रेलवर हात फिरवून मधे कुठे कापून वेल्डिंग केलंय का ते बघाच, अकरा इंच काढून टाकणारे पण आहेत.

आणि एक कळकळीने सांगतो, खाडीच्या हवेने फ्रेमला गंज चढलेला असतोच, पण एमएच 04 असो वा 43, आरसीवरचा नंबर फ्रेमवर जुळवून फोटो काढल्याशिवाय त्या जागेवर कोणालाही ग्राइंडर मारू देऊ नका.