पितृवंशशोध (बेळगाव सीमाभाग)

पितृवंशशोध : बाप, आजा, पणजा अशा एकाच सरळ रेषेने पूर्वज शोधण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या मराठी-कानडी पट्ट्यात तिची दोन साधने आहेत : हेळव्याची (फिरत्या वंशावळकाराची) वही आणि वाय गुणसूत्राची चाचणी.

हेळवी बैल घेऊन गावोगाव फिरतो. दारात आला की घरच्या कर्त्याचे नाव विचारतो, मागच्या पिढ्या एका दमात म्हणून दाखवतो, नव्या पोरांची नावे वहीत चढवतो आणि जोंधळे पदरात पाडून पुढच्या दारी जातो. जवळच्या दोन-तीन शतकांपुरते हेच साधन अधिक कामाचे. चाचणी नावे सांगत नाही.

वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे येते. त्याची सुमारे सहा कोटी अक्षरे पिढ्यानपिढ्या जवळपास तशीच उतरतात. क्वचित एखादे बदलते आणि तो बदल पुढच्या सगळ्या वंशात राहतो. असे बदल ताडून एकाच आडनावाच्या दोघांचा सामाईक मूळपुरुष अंदाजे किती पिढ्या मागे, हे काढता येते. आर१ए, एच, एल, जे२ हे हॅप्लोग्रुप (असा एखादा जुना बदल सामाईक असलेल्या मोठ्या वंशशाखा) मात्र हजारो वर्षांचे असून भारतभर अनेक जातींत, अनेक भाषकांत आढळतात. त्यांवरून ना घराणे ठरते, ना मातृभाषा. सीमाभागात हे मुद्दाम सांगावे लागते.

कदम ते कदंब, शेलार ते शिलाहार, साळुंखे ते चालुक्य, ही सांगड इथे सर्रास घातली जाते. ती पडताळायला राजाच्या अस्थी हव्यात, आणि दहनाच्या चालीमुळे त्या हाती लागत नाहीत. शिलालेखांवर विसंबावे, तर तिथेही बिरुदांचा थाट. राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्याने १२०४ मध्ये बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती बांधली. या राजाचे रट्ट घराणे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ (लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी) म्हणवून राष्ट्रकूटांशी नाते सांगे. हलशीच्या ताम्रपटांतले कदंब ‘मानव्य गोत्राचे, हारितीपुत्र’. बदामीचे चालुक्यही नेमके तेच. वंश सांगणे हा राज्यकारभाराचाच भाग होता.

अस्थी मिळूनही गाठ बसेलच असे नाही. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरला सापडला. आईकडचा डीएनए हयात नातलगांशी जुळला, पण पितृवंशाचे म्हणवणाऱ्यांचे वाय गुणसूत्र जुळले नाही.

दत्तकाने रेषा आणखी गुंतते. कित्तूरच्या देसाई गादीवरचा दत्तक कंपनी सरकारने नाकारला आणि १८२४ मध्ये राणी चन्नम्मा लढाईला उभी राहिली. दत्तक पुत्र वहीत वारस म्हणून चढतो. वाय गुणसूत्र जन्मदात्याचेच राहते. मुलींकडे ते नसतेच, त्यामुळे माहेरचा पितृवंश पाहायचा तर वडील, भाऊ किंवा सख्ख्या चुलत्याचा नमुना द्यावा लागतो.