लिनक्स घातलेला थिंकपॅड टी-४८०: बॅटरी, चार्जिंग आणि झोप यांविषयी ग्राहकांसाठी माहिती

विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असलेला हा लॅपटॉप आमच्याकडून नेल्यावर पहिल्या आठवड्यात जे फोन येतात, त्यांत एक ठरलेला असतो: "रात्रभर चार्जर लावून ठेवला, तरी ८० टक्क्यांच्या वर जातच नाही." चार्ज आम्हीच तिथे अडवून ठेवला आहे.

लिथियमच्या बॅटरीला काठोकाठ भरून पडून राहणं मानवत नाही, आणि त्यात उष्णता असली तर अजिबातच नाही. टेबलावर दिवसभर चार्जरला जोडलेला लॅपटॉप आणि बाहेर मे महिन्याचं ऊन, यात बॅटरी लवकर झिजते. म्हणून मशीनमध्ये टीएलपी नावाचा प्रोग्रॅम बसवला आहे. चार्ज ७५च्या खाली उतरल्याशिवाय भरायला घ्यायचं नाही आणि ८० झाले की थांबायचं, असं त्याला सांगून ठेवलं आहे. त्यामुळे ७८वर असताना चार्जर लावलात तर आकडा तिथेच बसून राहील. घाबरू नका.

गावाला जायचंय किंवा दिवसभर लाइट नसणार असेल, तर १०० टक्के भरता येते. त्यासाठी टीएलपीची फुलचार्ज ही कमांड टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, द्यायची. ती अक्षरन् अक्षर कशी टाइप करायची, ते लॅपटॉपच्या पोटाला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर छापलं आहे. दोन बॅटऱ्यांना ती दोनदा द्यावी लागते. पुढच्या वेळी मशीन रीस्टार्ट केलं की ८०ची मर्यादा आपोआप परत येते.

दोन बॅटऱ्या

हो, दोन आहेत. एक आत, हात टेकतो त्या भागाखाली, आणि दुसरी मागच्या बाजूने खटका सरकवून निघणारी. नव्या असताना आतली २४ वॉट-अवरची होती (बॅटरीत किती वीज मावते याचं हे माप). बाहेरची २४, ४८ किंवा ७२ची असते. आम्ही २४ची देतो. आधी बाहेरची वापरली जाते, ती संपत आली की काम आतलीवर येतं. म्हणून "एक बॅटरी हलतच नाही, मेली वाटतं" असं वाटायला लागतं. मेलेली नसते, पाळी यायची असते. या रचनेचा फायदा असा की बाहेरची बॅटरी मशीन चालू असतानाही काढून दुसरी लावता येते, फक्त आतलीत चार्ज असल्याची खात्री करून घ्या.

बॅटऱ्या वापरलेल्या आहेत, हे आम्ही लपवत नाही. पावतीवर प्रत्येकीचा मूळचा आकडा आणि आज उरलेला आकडा लिहिला आहे. समजा दोन्ही मिळून ४८पैकी ३९ वॉट-अवर उरलेत. त्यांचे ८० टक्के म्हणजे साधारण ३१. टायपिंग आणि हलकं वाचन चाललं असेल, स्क्रीनचा उजेड मध्यम असेल आणि मशीन ६ वॉट खात असेल, तर पाच तास मिळतील. तेच १२ वॉट खायला लागलं तर अडीच. तेव्हा "किती तास चालते?" याचं उत्तर तुम्ही काय करता यावर आहे. आत्ता किती वॉट जातायत ते पाहायचं असेल तर चार्जर काढून पॉवरटॉप हा प्रोग्रॅम चालवा, आकडा समोर दिसतो. फक्त त्यातला सगळं एका झटक्यात 'ट्यून' करणारा पर्याय वापरू नका. तो यूएसबीवरच्या वस्तूंनाही झोपवतो आणि मग माऊस दर दोन सेकंदांनी डुलकी काढतो.

व्हिडिओ लावला की पंखा का फिरतो

या मशीनमधली इंटेलची आठव्या पिढीची चिप एच-२६४ आणि व्हीपी-९ या प्रकारचे व्हिडिओ ग्राफिक्सच्या भागाकडून उलगडून घेते, त्यात वीज कमी जाते. एव्ही-वन हा नवा प्रकार मात्र तिच्या ग्राफिक्सला येत नाही. यूट्यूबने तो पाठवला की सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घुंईऽऽ करतो आणि बॅटरीचा आकडा डोळ्यांदेखत उतरतो. म्हणून फायरफॉक्समध्ये एव्ही-वन बंद करून दिलं आहे. दुसरं ब्राउझर टाकलंत तर ही सोय त्यात नसेल.

झोप

झाकण मिटलं की मशीन झोपतं: रॅमला, म्हणजे चालू काम लक्षात ठेवणाऱ्या भागाला, तेवढी वीज मिळत राहते, बाकी जवळजवळ सगळं बंद. टी-४८०ला ही खरी, गाढ झोप येते. आजकालचे बरेच नवे लॅपटॉप फोनसारखे अर्धवट जागे राहतात, त्यामुळे भावाच्या नव्याकोऱ्या मशीनची बॅटरी रात्रीत जास्त उतरली तर नवल नाही. आपलं मशीन कोणत्या प्रकारे झोपतं, हे ओळखायची फाइलही चिठ्ठीवर दिली आहे. तिच्यात 'डीप' या शब्दाला चौकोनी कंस असायला हवा.

तरीही गडबड होते. एका ताईंनी पुण्याहून सोलापूरला जाताना झाकण मिटून लॅपटॉप सॅकमध्ये टाकला. उतरून बाहेर काढला तर तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा गरम, आणि बॅटरी ११वर. आम्ही दोन दिवस मशीन तपासत बसलो, दोष सापडेना. शेवटी ताई सहज म्हणाल्या, "माऊस त्याच सॅकमध्ये होता." वायरलेस माऊसचा तो नखाएवढा रिसीव्हर यूएसबीत तसाच राहिला होता. यातले काही रिसीव्हर संगणकाला स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणून देतात, आणि कीबोर्डला मशीन जागं करायची परवानगी असते. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला माऊस हलत होता, आणि प्रत्येक वेळी लॅपटॉप जागा होत होता. आता विक्रीआधीच ही परवानगी आम्ही काढून ठेवतो. तरी प्रवासात रिसीव्हर काढा आणि माऊसचं बटण बंद करा.

बाहेरचा मॉनिटर जोडलेला असताना झाकण मिटलं तर मशीन झोपत नाही, ते मुद्दाम तसंच आहे.

हायबरनेट, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून पूर्ण बंद होणं, आम्ही देत नाही. १६ जीबी रॅम असलेल्या मशीनमध्ये स्वॅपची फाइल, म्हणजे रॅममधलं उतरवून ठेवायला डिस्कवर राखलेली जागा, फक्त २ जीबीची असते, तेवढ्यात ते मावण्याची खात्री नाही. शिवाय सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, चालू असेल तर लिनक्सच ते करू देत नाही. खरंच हवं असेल तर सांगा, जागा वाढवून करून देऊ.

हे सगळं मुळात इतकं किचकट का

वीज आणि झोप यांबाबत ऑपरेटिंग सिस्टिमने बायोसशी, म्हणजे मशीनमध्ये कंपनीने मुळातच भरलेल्या प्रोग्रॅमशी, कोणत्या भाषेत बोलायचं, ते एसीपीआय या नियमावलीत ठरलेलं आहे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ती १९९६मध्ये आणली. बायोस लिहिणारे बहुतेक वेळा विंडोज समोर ठेवूनच तपासणी करतात. त्यावर लिनक्सने शोधलेली युक्ती आम्हाला फार आवडते: बायोसने "तू विंडोज आहेस का?" असं विचारलं की लिनक्स "हो" म्हणतं, आणि "लिनक्स आहेस का?" विचारलं की "नाही". सोंग घेतलं की कामं सुरळीत होतात. तरी बायोसचा अपडेट आल्यावर कधीकधी हे गणित बिघडतं, म्हणून तो टाकण्याआधी आम्हाला एक फोन करा.

तुम्ही स्वतः बदल करणार असाल तर

जरूर करा, मशीन तुमचं आहे. एवढंच लक्षात ठेवा की टीएलपी आणि लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकारातला तीन पॉवर मोडवाला प्रोग्रॅम एका घरात नांदत नाहीत. तो मेनूत दिसत नाही याचं कारण हेच. दोन्ही ठेवायचा हट्ट केलात तर एकाने लावलेलं दुसरा काढत बसेल.

फोनचा चार्जर लावून पाहणारेही पुष्कळ आहेत. टाइप-सी पिन बसते खरी, पण या लॅपटॉपला २० व्होल्ट लागतात. बरेच फोनचे चार्जर ९ व्होल्टच्या पुढे जात नाहीत. ४५ किंवा ६५ वॉटचा, २० व्होल्ट देणारा चार्जर चालेल.

टचपॅड वर उचलल्यासारखं वाटलं, किंवा त्याचं बटण दाबलं जाईना, तर मशीन बंद करा, चार्जर काढा आणि लगेच घेऊन या. आतली बॅटरी फुगलेली असू शकते. ती टोचून, दाबून पाहू नका.

तक्रार घेऊन येताना झोपवण्याआधीचा आणि उठवल्यानंतरचा टक्का, दोन्हींच्या वेळेसह, कागदावर लिहून आणा. चार्जरही सोबत आणा, नुसता लॅपटॉप आणलात तर दुसरी खेप पडते.